मुकुट चढला, कस उतरला
रोमच्या टाकसाळीत चांदीच्या नाण्यांवर देवदेवता उमटत, फार तर एखादा वारलेला पूर्वज. इ.स.पू. 44 मध्ये ज्यूलियस सीझरने हयातीतच आपला चेहरा तिथे आणला, मानेवरच्या सुरकुत्यांसकट. त्याच मार्चमध्ये त्याचा खून झाला. मारेकऱ्यांपैकी ब्रूटसने मग आपलं नाणं पाडलं: एका बाजूला दोन खंजीर, मधे गुलामगिरीतून सुटलेल्यांची टोपी. आणि दुसऱ्या बाजूला? स्वतः ब्रूटस! चेहऱ्याचा मोह त्यालाही आवरला नाही.

हे नाणं म्हणजे दिनारियस. आपल्या रुपयाहून किंचित लहान, वजन चार ग्रॅमच्या आतबाहेर, चांदी जवळजवळ शुद्ध. इ.स. 64 च्या सुमारास सम्राट नीरोने वजन घटवून साधारण 3.4 ग्रॅमवर आणलं आणि चांदीत तांबंही वाढवलं. नाणं मात्र पांढरंशुभ्रच दिसायचं. ते कसं?

चिंचेने तांब्याचं भांडं घासलं की काळपट थर निघून जातो, कारण आम्लात तांब्याचं ऑक्साइड विरघळतं. टाकसाळीत हेच व्हायचं. मिश्रधातूची चकती तापवली की पृष्ठभागावरच्या तांब्याचं ऑक्साइड बनतं. ते आम्लाने काढलं की वर उरते चांदी. मग ठसा मारायचा. या कातडीने आधुनिक अभ्यासकांनाही चकवलं. वरवर तपासलं की कस जास्त भरायचा. नाण्याला बारीक छिद्र पाडून आतला धातू तपासला, तेव्हा नीरोची खरी भेसळ उघडी पडली.

इ.स. 215 च्या सुमारास सम्राट कॅराकलाने नवं नाणं काढलं. त्यावर सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट. या मुकुटाचा अर्थ, नाणं दोन दिनारियसचं, असं सहसा मानतात. चांदी मात्र जेमतेम दीडपट! पुढच्या साठेक वर्षांत ते इतकं हिणकस झालं की आत तांबं आणि वर चांदीची नुसती झिलई उरली. किरणं तेवढी शाबूत.

भारतातल्या व्यापाऱ्यांना रोमचा सम्राट कोण याच्याशी काय देणंघेणं? कोइमतूरच्या आसपास आणि दक्षिणेत इतरत्र सापडलेले दिनारियस बहुतेक ऑगस्टस आणि टायबेरियसचे, म्हणजे नीरोच्या भेसळीआधीचे. त्यांतल्या काहींवर सम्राटाच्या गालावरच छिन्नीचा आडवा घाव आहे. आत खरंच चांदी आहे ना, हे पाहण्यासाठी तो घातला असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं.