ऑइल बदलताना आटे सांभाळा

घरी गाडीचं ऑइल बदलायला बसलेल्या माणसाचं ऑइल क्वचितच चुकतं. चुकतो तो नट, वॉशर किंवा फिल्टरची रबरी रिंग. सगळ्यात महाग चूक तर पहिल्याच मिनिटाला होते, ती म्हणजे भलताच नट उघडण्याची. मॅन्युअल गिअरच्या बऱ्याच गाड्यांखाली तेल सोडायचे दोन नट (ड्रेन नट) असतात, एक इंजिनच्या चेंबरचा आणि दुसरा गिअरबॉक्सचा. गिअरबॉक्स रिकामा करून वरून इंजिनात तीन लिटर ओतलं, की एक कोरडा आणि दुसरं दुप्पट भरलेलं. चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाला लावलेला पत्र्याचा किंवा ॲल्युमिनियमचा उथळ डबा. गिअरबॉक्स त्याच्या शेजारी, क्लचच्या बाजूला. बाहेर येणाऱ्या तेलाला गंधकासारखा उग्र वास आला, तर तिथेच थांबा.

कोणतं ऑइल आणि किती, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. १.२ लिटरच्या पेट्रोल हॅचबॅकला फिल्टरसह साधारण ३ ते ३.६ लिटर लागतं. इथे हमखास सल्ला मिळतो, "आपल्याकडे ऊन फार, जरा जाड ऑइल घाला." हा सल्ला बाजूला ठेवावा. ऑइलच्या ५डब्ल्यू-३० अशा ग्रेडमधला ३० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट असावं ते सांगतो: ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (दाटपणाचं एकक). तापलेल्या इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटर ताब्यात ठेवतात, म्हणून बाहेर नागपूरचे ४५ अंश असोत की महाबळेश्वरचे १०, आतल्या तेलाला त्याचा फारसा फरक पडत नाही. पातळ तेलासाठी आखलेल्या इंजिनात जाड तेल घातलं, तर सकाळी पहिल्यांदा चावी फिरवल्यावर ते वरच्या कॅमशाफ्टपर्यंत (झडपा उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) उशिरा पोहोचतं, आणि त्या काही सेकंदांत झीज वाढते.

काम सुरू करण्याआधी इंजिन पाच मिनिटं चालवा. ५डब्ल्यू-३० तेल ४० अंशाला जवळपास ६० सेंटीस्टोक असतं, १०० अंशाला दहाच्या आसपास. थंड असताना काकवी, तापल्यावर तूप. कोमट तेल भरभर वाहतं आणि तळाचा गाळही सोबत घेऊन येतं. लांबून आलेल्या गाडीखाली मात्र लगेच शिरू नका, ते तेल हात भाजून काढतं.

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्या. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ओट, म्हणजे दगड किंवा ठोकळा, लावा, पुढचा भाग जॅकने उचलून दोन स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. वरचं ऑइल भरायचं झाकण उघडून ठेवा, म्हणजे हवा आत जाऊन धार मोकळी येते.

नट बहुधा १४ किंवा १७ मिलिमीटरचा असतो. त्याला रिंग पानाच लावा, उघड्या तोंडाचा पाना कोपरे खातो. शेवटचे आटे हाताने सोडवताना नट आत दाबून धरा आणि सुटला की झटकन बाजूला घ्या. चेंबरच्या बाजूला नट असेल तर धार आधी लांब पडते आणि पातळी उतरेल तशी जवळ सरकते. टॉरिसेलीने १७व्या शतकात सांगितलेला नियम तो हाच: वर द्रव जितका उंच, तितका धारेला वेग जास्त. म्हणून घमेलं आधी थोडं पुढे ठेवायचं आणि मग मागे ओढायचं. धार तुटून थेंब पडायला लागले की पंधरा मिनिटं वाट पाहा.

नटाखालचं तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वॉशर एकदाच वापरायचं असतं. ते मऊ असतं, आवळताना चेपतं आणि दोन्ही पृष्ठभागांवरचे बारीक ओरखडे भरून काढतं. एकदा चेपलेलं वॉशर पुन्हा तसं बसत नाही, मग थेंब गळतो, गळतो म्हणून माणूस नट आणखी आवळतो आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. नवं वॉशर किरकोळ पैशांत येतं, चेंबर मात्र हजारांत जातो. नळाची पांढरी टेप गुंडाळणं हा तर उलटा उपाय, तिचे तुकडे तेल खेचणाऱ्या जाळीत अडकू शकतात. बहुतेक छोट्या गाड्यांच्या नटाला २५ ते ४० न्यूटन-मीटर इतका पिळाचा जोर पुरतो, नेमका आकडा पुस्तिकेतून किंवा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. ३५ न्यूटन-मीटर म्हणजे २५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे १४ किलोचा जोर. त्यासाठी पाय लावायची गरज नाही.

आता फिल्टर. जुना काढल्यावर त्याची काळी रिंग त्याच्यासोबत आली का, ते बघाच. कधीकधी ती इंजिनच्या तोंडाला चिकटून राहते, काळ्यावर काळी, दिसत नाही. तिच्यावर नवा फिल्टर बसला की दोन रिंगा एकमेकींवर येतात. इंजिन सुरू होऊन दाब वाढताच वरची घसरते आणि मिनिटाभरात सगळं तेल रस्त्यावर. बोट फिरवून तोंड गुळगुळीत लागतंय ना, याची खात्री करा. नव्या रिंगला नवं तेल चोळा, फिल्टर हाताने फिरवा आणि रिंग टेकल्यावर आणखी पाऊण फेरा. इथे पाना नको.

नरसाळ्याने एकूण मापापेक्षा अर्धा लिटर कमीच ओता. इंजिन सुरू करा, रेस देऊ नका. फिल्टर रिकामा असल्याने ऑइलचा लाल दिवा काही सेकंद राहील, मग विझेल. विझला नाही तर लगेच बंद करा. खाली वाकून नट आणि फिल्टर कोरडे आहेत ना ते पाहा. गाडी सपाट उतरवून दहा मिनिटांनी डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) पुसून, पुन्हा घालून बघा आणि वरच्या खुणेपर्यंत थोडं-थोडं भरा. खुणेवर चढवू नका. पातळी फार वाढली की क्रँकशाफ्ट (इंजिनचा खालचा मुख्य फिरता दांडा) तेल घुसळून फेस करते, आणि फेसातल्या हवेला बेअरिंग पेलवत नाही.

महिन्याभरात नवं तेल काळपट झालं म्हणून घाबरायचं कारण नाही. त्यातली डिटर्जंट रसायनं काजळी धरून ठेवतात, इंजिनाला चिकटू देत नाहीत. रंगापेक्षा वापर पाहा. कंपनीने १०,००० किलोमीटर किंवा वर्ष सांगितलं असलं, तरी रोज दोन-तीन किलोमीटरच चालणारी गाडी पुरती तापत नाही. पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल तेलातच राहतं, पावसाळ्यात झाकणाखाली पिवळट साय धरते. अशा गाडीचं तेल लवकर बदलावं, किलोमीटर भरले नसले तरी.

उरलं घमेल्यातलं काळं ऑइल. आपल्याकडे ते सेंट्रिंगच्या फळ्यांना, नाहीतर वाळवीसाठी दाराच्या चौकटींना फासलं जातं. त्यात इंधनाचे अवशेष आणि झिजलेल्या धातूंचे कण असतात, आणि सतत त्वचेला लागत राहिलं तर ते कर्करोगाला आमंत्रण ठरू शकतं. नायट्राइलचे हातमोजे त्यासाठीच. २०१६च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल मोडतं, त्यामुळे गटारात ओतायला कायद्यानेही बंदी आहे. फिल्टर रात्रभर पालथा ठेवून निथळू द्या. सगळं तेल नव्या ऑइलच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरा, त्यात पाणी किंवा कूलंट मिसळू देऊ नका, आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला तेल देणाऱ्या गॅरेजात पोहोचवा.