अलास्काची किनारी गावे : गस्ती जहाजांवरची छायाचित्रे

अलास्काच्या किनाऱ्यावरील गावांची, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत, मुख्यतः अमेरिकी सरकारच्या गस्ती जहाजांवरून आलेल्या माणसांनी काढलेली छायाचित्रे. काढणारे बहुधा अधिकारी, जहाजावरचे डॉक्टर किंवा पाहुणे म्हणून आलेले शास्त्रज्ञ असत. पोटापाण्यासाठी फोटो काढणारे थोडे. सिटका, उनालास्का, कोडियाक, नोम, किंग बेट, पॉइंट बॅरो, अट्टू ही ठिकाणे या संग्रहांत पुनःपुन्हा भेटतात. यांतल्या एकाही ठिकाणी बाहेरच्या जगातून रस्त्याने जाता येत नव्हते, आजही येत नाही. जे यायचे ते समुद्रावरून. म्हणूनच या चित्रांची मांडणी इतकी सारखी आहे : पुढे पाणी, मध्ये किनाऱ्याला धरून घरांची एकच ओळ, मागे उघडा डोंगर. गाव स्वतःकडे असे कधीच पाहत नाही. हे नांगर टाकलेल्या बोटीच्या कठड्यावरून दिसलेले गाव आहे, आणि या चित्रांचे मोल व मर्यादा दोन्ही त्यातच आहेत.

अमेरिकेने १८६७ साली ७२ लाख डॉलरना अलास्का रशियाकडून विकत घेतले. त्याच उन्हाळ्यात ‘लिंकन’ हे रेव्हेन्यू कटर सिटकाला पोहोचले. कटर म्हणजे जकात चुकवणाऱ्यांवर पाळत ठेवण्यासाठी १७९० पासून अर्थखात्याने बाळगलेली सशस्त्र जहाजे. १९१५ साली हे दल जीवरक्षक सेवेत मिसळून आजचे कोस्ट गार्ड झाले. अलास्कात मात्र जकात ही नावापुरतीच बाब राहिली. सीलची चोरटी शिकार रोखणे, दारू पकडणे, टपाल पोचवणे, बर्फात अडकलेल्या देवमाशांच्या शिकारी जहाजांना सोडवणे, आजाऱ्यांना औषध देणे, प्रसंगी न्यायाधीशाला घेऊन जाणे अशी सगळी कामे या जहाजांवर येऊन पडली. वर्षातून एकदा येणारे सरकार म्हणजे हे जहाज. त्याच्याबरोबर कॅमेराही येऊ लागला, पण तो कोणाच्या हुकमाने नव्हे; बहुतांशी हौसेने.

अलास्काची आज ज्ञात असलेली अगदी सुरुवातीची छायाचित्रे मात्र कटरवरची नाहीत. १८६८ च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्करातील जनरल हॅलेक याच्या पाहणी दौऱ्याबरोबर एडवर्ड मायब्रिज आला होता. धावत्या घोड्याचे पाय टिपून पुढे जगप्रसिद्ध झालेला तो हाच. सिटका, फोर्ट टोंगास व फोर्ट रँगल येथे त्याने ओल्या कलोडियनच्या काचांवर चित्रे घेतली. ही काच ओली असतानाच चित्र घेऊन तिथल्या तिथे धुवावी लागे. तंबूभर रसायने सोबत न्यावी लागत. हलत्या जहाजावर हे जवळजवळ अशक्य होते. १८८० च्या सुमारास जिलेटिनच्या कोरड्या काचा तयार मिळू लागल्या आणि काच महिनोन्‌महिने पेटीत ठेवता येऊ लागली, तेव्हाच जहाजी छायाचित्रण खऱ्या अर्थाने सुरू झाले. १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक आला आणि मग कोणताही लेफ्टनंट फोटो काढू लागला. (कोडॅकचा आणि कोडियाक बेटाचा काही संबंध नाही, एक नाव ईस्टमनने मनाने रचलेले, दुसरे तिथल्या लोकांच्या भाषेतून आलेले.)

१८८१ साली ‘थॉमस कॉर्विन’ हे कटर बेपत्ता झालेल्या ‘जॅनेट’ या शोधनौकेच्या तपासासाठी उत्तरेला गेले. त्यावर निसर्गलेखक जॉन म्यूर होता आणि एडवर्ड नेल्सन हा निसर्गशास्त्रज्ञही. नेल्सनजवळ कॅमेरा होता; बेरिंग सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवरील माणसांची त्याची चित्रे आज स्मिथसोनियन संस्थेत आहेत. याच ‘कॉर्विन’ने दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबर १८८२ मध्ये, नौदलाच्या अधिकाऱ्याच्या हुकमाखाली आग्नेय अलास्कातील मूळ रहिवासी ट्लिंगिट लोकांच्या अँगून गावावर तोफा डागण्यात भाग घेतला. घरे जळाली, होड्या फोडल्या गेल्या, हिवाळ्यासाठी साठवलेले अन्न गेले. ट्लिंगिट परंपरा सहा मुले दगावल्याचे सांगते. अमेरिकी नौदलाने त्याबद्दल माफी मागितली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये. कटरवरच्या अल्बमांतील शांत, नीटनेटकी खेडी पाहताना हे आठवावे लागते. किनाऱ्यावर उभे राहून जहाजाकडे पाहणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले असेल, हे चित्रात उतरत नाही.

या सगळ्या जहाजांत सर्वांत जास्त छायाचित्रे ‘बेअर’शी जोडलेली आहेत. स्कॉटलंडमधील डंडी येथे १८७४ साली सीलच्या शिकारीसाठी बांधलेले हे जाड लाकडी शिडाचे, वाफेच्या यंत्राचीही जोड असलेले जहाज १८८५ मध्ये कटर सेवेत आले आणि चाळीस वर्षे बेरिंग समुद्रात फिरले. १८८६ ते १८९५ या काळात त्याचा कप्तान मायकेल हीली होता : जॉर्जियात गुलाम आईच्या पोटी जन्मलेला, कडक, पिणारा, आणि बर्फातून जहाज काढण्यात पटाईत. शेल्डन जॅक्सन या मिशनऱ्याच्या साथीने किनाऱ्यावरच्या लोकांना अन्नासाठी पाळता यावेत म्हणून त्याने सायबेरियातून रेनडिअर आणायला सुरुवात केली. १८९२ मध्ये १७१ रेनडिअर पोर्ट क्लॅरेन्सजवळच्या टेलर केंद्रावर उतरवले गेले. त्या कामाची चित्रे आहेत. पट्ट्यात अडकवलेला रेनडिअर दोरखंडाने वर ओढला जातोय, चारही पाय हवेत, आणि खालून खलाशी वर पाहताहेत. इतक्या गंभीर सरकारी योजनेचे इतके विनोदी चित्र क्वचितच सापडेल.

किंग बेटाची, म्हणजे उकिवोकची, चित्रे याहून वेगळ्या कारणाने पाहण्यासारखी आहेत. समुद्रातून सरळ वर चढलेला खडकाळ उतार, आणि त्यावर वाहून आलेल्या लाकडाच्या उंच खांबांवर, वॉलरसच्या कातड्याने मढवलेली चौकोनी घरे एकावर एक रचल्यासारखी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती खोकी वाटतात. मग एका घरासमोरच्या फळीवर उभा असलेला माणूस दिसतो आणि एकदम उंची कळते. १९६० च्या दशकात लोक नोमला गेले आणि हे गाव रिकामे झाले. खांब नंतरही वर्षानुवर्षे उभे होते.

हिवाळ्याची चित्रे दुर्मीळ आहेत, आणि यामागे कलेचे काही कारण नाही. जहाजे वसंतात वर जात आणि बर्फ धरण्याआधी परतत. पॉइंट बॅरोला तर उन्हाळ्याचे मोजके आठवडेच पोहोचता येई. त्यामुळे या संग्रहांतला अलास्का जणू बारमाही जुलैतला आहे. मोठा अपवाद १८९७-९८ चा. आठ शिकारी जहाजे बॅरोच्या बाजूला बर्फात अडकली तेव्हा ‘बेअर’ने डिसेंबरात तीन जणांना किनाऱ्यावर सोडले : जार्व्हिस, बर्थॉल्फ आणि डॉ. सॅम्युएल कॉल. वाटेत इनुपियात पशुपालक चार्ली अँटिसारलूक आणि मिशनरी लॉप यांच्याकडून रेनडिअरांचे कळप अडकलेल्यांच्या अन्नासाठी घेऊन, ते हाकत, ही मंडळी मार्च १८९८ अखेर बॅरोला पोहोचली. कॉल हा हौशी छायाचित्रकार; त्याच्या संग्रहामुळे आणि १८९९ मध्ये छापलेल्या सरकारी अहवालातील चित्रांमुळे ही मोहीम नुसती शौर्यकथा राहिली नाही, तिला चेहरे मिळाले.

नोमची गोष्ट उलट. तिथे १८९८ मध्ये सोने सापडले आणि १९०० च्या उन्हाळ्यात सुमारे वीस हजार लोक येऊन आदळले. बंदर असे नव्हतेच. जहाजे दूर उभी राहत आणि माणसे-सामान सपाट तळाच्या होड्यांतून किनाऱ्यावर येई. कोकणात बोटींच्या काळात पडावातून उतरावे लागे, तसेच, फक्त पाणी गोठायच्या बेतात असलेले. वाळूवर मैलोन्‌मैल तंबू, खोकी, शिवणयंत्रे, पिपे. इथे व्यावसायिक स्टुडिओही लगेच पोहोचले, त्यामुळे कटरवरच्या अधिकाऱ्यांची चित्रे मागे पडली आणि ती खरोखर फारशी वेगळीही नाहीत.

सर्वांत बोलकी मालिका कोडियाकची, जून १९१२ ची. ६ जूनला दुपारी अलास्का द्वीपकल्पावर विसाव्या शतकातला सर्वांत मोठा ज्वालामुखी स्फोट झाला. तेव्हा सर्वांनी दोष काटमाई पर्वताला दिला. प्रत्यक्षात तोंड जवळच्याच नोव्हारुप्टाचे होते, हे ठरायला जवळजवळ चाळीस वर्षे गेली. दीडशे किलोमीटरवरच्या कोडियाकवर संध्याकाळी राख पडू लागली आणि जवळजवळ साठ तास अंधार राहिला. हातातला कंदील हात लांब केला की दिसेनासा होई. विहिरी बुजल्या, छपरे खचली. ‘मॅनिंग’ हे कटर योगायोगाने तिथेच कोळसा भरत होते. कप्तान के. डब्ल्यू. पेरी याने गावकऱ्यांना जहाजावर घेतले. सुमारे पाचशे माणसे एका मध्यम आकाराच्या बोटीवर दाटीवाटीने राहिली. डेकवरच्या चित्रात उभे राहायला जागा नाही : डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका, पोरे, गाठोडी, आणि दोरखंडांच्या मध्ये जिथे फट मिळेल तिथे बसलेले म्हातारे. गावाच्या चित्रांत अंगण, कुंपण, छप्पर सगळे फिकट पांढरे. पाहणाऱ्याला तो बर्फच वाटतो. खालची तारीख वाचली की जून आहे हे ध्यानात येते, आणि मग लक्षात येते की ही राख वितळणार नाही. द्वीपकल्पावरच्या काटमाई परिसरातील सुग्पियाक लोकांना परत जाता आले नाही; त्यांच्यासाठी वसवलेल्या नव्या गावाला कप्तानाच्या नावावरून पेरीव्हिल म्हणतात. जहाजाने गावाचा फोटो काढला असे शेकडो वेळा घडले. जहाजाच्या कप्तानाचे नाव गावाला मिळाले असे विरळाच.

या चित्रांच्या मागे लिहिलेला मजकूर बऱ्याचदा निराशा करतो. अधिकाऱ्याचे नाव, जहाजाचे नाव, कधी कुत्र्याचेही नाव असते. गावकऱ्यांना मात्र ‘नेटिव्ह’ एवढ्यावर भागवलेले. गावांची नावेही कानाला जशी वाटली तशी. अलीकडे संग्रहालये ही चित्रे गावांतील वडीलधाऱ्यांसमोर ठेवतात, आणि चेहरा ओळखणारे कोणी भेटले की शंभर वर्षांनी नाव जोडले जाते.

तारीख ठरवायला इमारती उपयोगी पडतात. सिटकाच्या टेकडीवर रशियन गव्हर्नरचा वाडा उभा असेल तर चित्र मार्च १८९४ च्या आधीचे, कारण तेव्हा तो जळाला. उनालास्काच्या किनाऱ्यावर कांद्यासारख्या घुमटांचे आजचे ऑर्थोडॉक्स चर्च दिसत असेल तर १८९६ च्या आसपासचे किंवा नंतरचे. नोमचा मुख्य रस्ता लाकडी घरांनी गच्च असेल तर सप्टेंबर १९३४ च्या आगीपूर्वीचा. इमारत नसेल तेव्हा जहाजाची नोंदवही मदतीला येते : नांगर कुठे, किती वाजता टाकला, वारा कोणता, बर्फाची कड कुठे होती. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील ‘बेअर’ व इतर जहाजांच्या नोंदवह्या ‘ओल्ड वेदर’ प्रकल्पात हजारो स्वयंसेवकांनी हवामान अभ्यासासाठी उतरवून काढल्या. फोटो ओळखणाऱ्यांनाही त्याचा आयता फायदा झाला.

मूळ प्रती विखुरलेल्या आहेत. कोस्ट गार्डचे इतिहास कार्यालय, जूनो येथील अलास्का राज्य ग्रंथालय, फेअरबँक्सचे अलास्का विद्यापीठ आणि सिॲटलचे वॉशिंग्टन विद्यापीठ ही मुख्य ठिकाणे. अधिकाऱ्याने कामाचा भाग म्हणून काढलेले चित्र स्वामित्वहक्काविना खुले असते. घरच्या अल्बमातल्या चित्राचे तसे नाही, आणि कोणते कुठल्या पेटीतले हे नेहमी सांगता येत नाही.

अल्यूशन बेटांची १९४२ पूर्वीची चित्रे यांत वेगळी ठेवावी लागतात. त्या जूनमध्ये जपानने उनालास्काजवळच्या डच हार्बर बंदरावर बॉम्ब टाकले व अट्टू आणि किस्का ही बेटे घेतली. अट्टूचे चाळीसएक उनांगन (अल्यूशन बेटांचे मूळ लोक) रहिवासी जपानमधील ओतारूला नेले गेले. त्यांतले जवळजवळ निम्मे तिथेच मरण पावले. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून अटका गाव अमेरिकी नौदलानेच जाळले, चर्चसकट. बाकीच्या बेटांवरच्या उनांगनांना आग्नेय अलास्कातील बंद पडलेल्या मासळी-कारखान्यांत ठेवले. युद्धानंतर अट्टू, काशेगा, माकुशिन आणि बियोर्का ही गावे पुन्हा कायमची उभी राहिली नाहीत. अट्टूचे जे थोडे लोक परतले त्यांना अटकाला वसवण्यात आले. ‘बेअर’ आणि १९२७ नंतर तिच्या जागी आलेली ‘नॉर्थलँड’ यांच्या काळातील किनाऱ्यांच्या चित्रांत ही गावे मात्र पूर्ण आहेत : गवताने झाकलेली मातीची बुटकी घरे, एक लाकडी चर्च, वाळूवर उपडी ठेवलेली होडी.