एक पॅड संपला, दुसरा शाबूत

वर्तमानपत्राच्या कागदावर माझ्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाचे दोन ब्रेक पॅड शेजारी शेजारी ठेवलेत. एकाच दिवशी बसवलेले, एकाच डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या पोलादी तबकडीला, दोन बाजूंनी घासलेले. एकावर अजून तीन मिलिमीटर माल आहे. दुसऱ्यावर काहीच नाही, नुसता लोखंडी पत्रा, तोही चांदीसारखा चकचकीत. गेले चार दिवस मागून येणारी खरखर या पत्र्याची होती. मी ती चिखलाची समजत होतो. जुलैतलं पुणं, खोदलेले रस्ते, म्हटलं बारीक खडा अडकला असेल. शेवटी गल्लीतल्या मेकॅनिकने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "दादा, पॅड कधीच संपलेत. आता डिस्क खायला लागलाय."

पॅड बदलणं तासाभराचं काम. पण जोडीतला एकच पॅड का संपला, हे मला खटकत होतं. आणि त्याआधी आणखी एक प्रश्न होता: मागचा ब्रेक तसं पाहिलं तर कमीच काम करतो. मग पुढचे पॅड धडधाकट असताना मागचेच आधी का गेले?

ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते, हे सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. रस्ता टायरला मागे खेचत असतो, तो जमिनीवर. गाडीचं आणि आपलं वजन मात्र जमिनीपासून दोनेक फूट उंचावर असतं आणि ते पुढेच जाऊ पाहतं. त्यामुळे भार पुढच्या चाकावर सरकतो. उभ्या गाडीत पुढे-मागे वजन निम्मं-निम्मं आहे, गुरुत्वमध्य साठ सेंटिमीटर उंच आहे आणि दोन चाकांत सव्वा मीटरहून थोडं जास्त अंतर आहे असं धरा. जरा जोरात ब्रेक मारला तर हिशेबाने पुढच्या चाकावर साधारण पाऊण वजन येतं आणि मागे जेमतेम पाव उरतं. ज्या चाकावर वजन कमी, त्याची रस्त्यावरची पकडही कमी. म्हणून तर पुढची डिस्क मोठी असते आणि मागची लहान.

मागचे पॅडही लहानच असतात, त्यात माल कमी. शिवाय आपल्याकडे गाडी शिकवतानाच "पुढचा ब्रेक मारू नको, पडशील" असं बजावलेलं असतं. मग लक्ष्मी रोडच्या गर्दीत दर वीस पावलांवर काम करतो तो पायाचा ब्रेक. काही जण तर पाय कायमचा पॅडलवर टेकवूनच बसतात. त्यांच्या पॅडना सुट्टी अशी मिळतच नाही.

पण माझा संशय होता तो धुळीवर. पुढचं चाक रस्त्यावरचं जे काही उडवतं, त्याचा मोठा वाटा मागच्या चाकाला मिळतो. पुण्यात ही धूळ बहुतेक बेसाल्टची, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाची. रस्त्याची खडी त्याची आणि बांधकामावरची क्रश सँडही त्याचीच. त्यातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजं पोलादी डिस्कवर ओरखडे काढण्याइतकी कठीण असतात. पावसात हे कण पाण्याबरोबर पॅड आणि डिस्कच्या फटीत शिरतात आणि तिथे पॉलिश पेपरसारखं काम करतात. धुळीची ही तक्रार डिस्क ब्रेकच्या जन्मापासूनची आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यांचे पॅड तांब्याचे होते आणि त्या काळच्या कच्च्या, धुळीच्या रस्त्यांवर ते भराभर झिजायचे. मोटरसायकलवर डिस्क रुळायला १९६९ची होंडा सीबी ७५० यावी लागली, तीही फक्त पुढच्या चाकाला.

धूळ मात्र दोन्ही पॅडना सारखीच लागते. तेव्हा जोडीतल्या फरकाचं कारण कॅलिपरमध्येच, म्हणजे दोन्ही पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागातच, शोधायला हवं होतं.

माझ्या गाडीच्या मागच्या कॅलिपरमध्ये एकच पिस्टन आहे, तोही एकाच बाजूला. पॅडल दाबलं की त्याला जोडलेल्या छोट्या नळकांड्यातलं, म्हणजे मास्टर सिलिंडरमधलं, ब्रेक ऑइल दाबलं जातं आणि तोच दाब पिस्टनवर येतो. पास्कलचा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो, इथे तो पायाखाली असतो: पिस्टनचा व्यास मास्टर सिलिंडरच्या दुप्पट असेल तर जोर चौपट होतो, फक्त पिस्टन सरकतो चौथा हिस्सा. हा पिस्टन त्याच्या बाजूचा पॅड डिस्कवर टेकवतो. आणि पलीकडचा? त्याच्यामागे पिस्टन नाही. पहिला पॅड डिस्कला टेकला की प्रतिक्रिया म्हणून अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून उलट दिशेला सरकतो आणि पलीकडच्या पॅडला आपल्याबरोबर ओढून आणतो. चिमट्यासारखी पकड बसते ती अशी.

सगळी गोम त्या दोन पिनांत आहे. त्यांच्यावर रबरी बूट असतात. बूट फाटला की आत पाणी जातं, ग्रीस वाळतं आणि पिन गंजून अडकते. मग कॅलिपर सरकायचं नाव घेत नाही. पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच राबतो. पाय काढल्यावरही तो डिस्कपासून नीट सुटत नाही, चालत्या गाडीत हलकासा घासतच राहतो. माझी एक पिन काढायला पक्कड लागली. तीन मिलिमीटरच्या फरकाचं उत्तर त्या गंजक्या पिनेवर होतं. धुळीला मी उगाच जास्त दोष दिला होता.

अशा घासण्यातून उष्णता किती तयार होते? सिंहगडाचं उदाहरण घेऊ. दोन माणसं आणि गाडी मिळून तीनशे किलो, घाटातला उतार पाचशे मीटर उंचीचा. एवढ्या उतारात साधारण पंधरा लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्यात साडेचार लिटर पाणी सहज उकळी फुटेपर्यंत तापेल. काही वाटा हवा आणि इंजिन खातं. पण गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवत उतरणारा शहाणा इंजिनाचा वाटाही ब्रेकवर ढकलतो. ऑर्गॅनिक पॅडमधले तंतू, ग्रॅफाइट, खनिजांची भुकटी हे सगळं एका रेझिनने धरून ठेवलेलं असतं. पॅड फार तापला की रेझिन विघटित होतं, त्यातून वायू सुटतो आणि पकड ढिली पडते. तांब्यासारख्या धातूंची भुकटी दाबून, भाजून केलेले सिंटर्ड पॅड जास्त उष्णता सोसतात, पण ते डिस्कला थोडे कडक. रोजच्या ऑफिसच्या फेऱ्यांना मी ऑर्गॅनिकच घेतले, नाना पेठेतून.

बसवताना एक गंमत कळते. पॅड झिजतो तसा पिस्टन बाहेर येत जातो आणि त्याच्यामागची जागा ऑइल भरून काढतं. म्हणून साइड पॅनेलजवळच्या त्या छोट्या डबीतली पातळी हळूहळू उतरते. ती पाहून ऑइल वर भरायचं नाही. आधी पॅड बघायचे. कारण नवे, जाड पॅड बसवायला पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल डबीत परत येतं. मधल्या काळात कुणी वर भरून ठेवलं असेल तर ते उतू जातं आणि गाडीचा रंग उतरवतं. हे ऑइल हवेतला ओलावाही शोषतं. डॉट ४ या प्रतीचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरलेल्यासाठी तीच किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. साडेचार लिटर पाण्याचा हिशेब इथे आठवावा.

पिना काढून घासल्या, सिलिकॉन ग्रीस लावलं, फाटका बूट बदलला. पिस्टन धुऊन पुसल्याशिवाय आत ढकलायचा नाही, नाहीतर त्याच्यावरची घाण सीलमध्ये जाते. पॅडची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवायची नाही, ती छातीत जाते. सर्व्हिसिंगनंतर गाडीवर डिझेल फवारणाऱ्यांना मी आता हात जोडून थांबवतो. तेल प्यायलेला पॅड पुसून सुधारत नाही, फेकावाच लागतो. डिस्कची जाडीही मोजली. किमान किती हवी ते डिस्कवरच कोरलेलं असतं. थोडक्यात वाचली.

सगळं जुळवून पॅडल दाबलं तर पाय थेट तळाला गेला. घाबरायचं कारण नाही, मागे ढकललेला पिस्टन पुन्हा डिस्कपर्यंत यायचा असतो. आठ-दहा वेळा दाबल्यावर पॅडल घट्ट झालं. हे जागेवर उभं राहूनच करायचं, पहिल्या सिग्नलला नव्हे.

नवे पॅड सुरुवातीला गुळगुळीतच लागतात. त्यांच्या मालाचा पातळ थर डिस्कवर एकसारखा चढेपर्यंत पकड पूर्ण येत नाही. पहाटे मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून वीस-पंचवीस वेळा हलके ब्रेक मारले, पुरतं न थांबता, मध्ये डिस्कला गार होऊ देत. मग पाच किलोमीटर मागच्या ब्रेकला पायच लावला नाही. घरी येऊन डिस्कजवळ हात नेला, टेकवला नाही. महिनाभरापूर्वी इथे धग लागायची आणि मी ती सायलेन्सरची समजायचो. आज काहीच नव्हतं.