चॅरिटी शॉपमधला कोट घेतला, तर गरिबाचा हक्क मारला का?

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाला हा निरोप हमखास येतो: "चॅरिटी शॉपमधून काही घेऊ नका, ते गरिबांसाठी असतं."

यामागची भावना चांगली आहे, म्हणूनच नीट सांगावंसं वाटतं. धर्मादाय संस्थांच्या या दुकानांत कपडे वाटत नाहीत, विकतात. आणि कोणालाही विकतात. लोकांनी दिलेल्या वस्तूंचे पैसे करायचे आणि त्यावर रुग्णसेवा, संशोधन, प्राण्यांची देखभाल असं संस्थेचं काम चालवायचं, हा खरा हेतू. कोट नुसता रॅकवर लटकला, तर कुणाचंच भलं होत नाही. न खपलेले कपडे बहुतेकदा किलोच्या भावाने व्यापाऱ्याकडे जातात आणि तिथे दुकानाच्या मानाने फारच थोडे पैसे येतात.

किमतीच्या चिठ्ठीजवळ कधी कधी 'गिफ्ट एड'चं बारकोडचं स्टिकर दिसेल. वस्तू देणारा ब्रिटनमध्ये पुरेसा कर भरत असेल आणि त्याने संमती दिली असेल, तर विक्रीतल्या पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. म्हणजे ८ पौंडांच्या कोटाचे साधारण १०. अर्थात, कोट विकला गेला तरच.

खात्री करायची? दुकानात संस्थेचा नोंदणी क्रमांक शोधा, नाही दिसला तर बेलाशक विचारा. इंग्लंड-वेल्समधली संस्था असेल, तर तो तिथल्या सार्वजनिक ऑनलाइन नोंदवहीत टाका. मोठ्या संस्थांच्या वार्षिक हिशेबात दुकानांचं उत्पन्न आणि खर्चही सापडतो. खर्च जरूर बघा; भाडं आणि पगार दुकानांच्या उत्पन्नातूनच जातात.