भूऔष्णिक ऊर्जा: भारतातला शोध आणि विकास

जमिनीच्या पोटातली उष्णता वर आणून तिच्यावर वीज करणं, घरं-हरितगृहं गरम ठेवणं, माल सुकवणं, अगदी शीतगृह चालवणं, या सगळ्याला मिळून भूऔष्णिक ऊर्जा म्हणतात. काही जण भूतापीय लिहितात, अर्थ तोच. एक घोटाळा आधीच मिटवतो, आपल्याकडे ‘औष्णिक वीज’ म्हटलं की कोराडी, चंद्रपूर, म्हणजे कोळसा डोळ्यासमोर येतो, त्याचा इथे काही संबंध नाही, इथे जळत काहीच नाही. इटलीत लार्देरेल्लो इथे 1904 साली जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे लावले गेले आणि 1913 पासून तिथे रीतसर वीजघर आहे. भारतात इतक्या वर्षांनंतरही व्यापारी पातळीवर ग्रिडला वीज देणारं एकही भूऔष्णिक केंद्र नाही. त्यामुळे ही नोंद वीज किती झाली यापेक्षा शोध कसा झाला आणि कुठे अडला याचीच जास्त आहे.

गरम पाण्याचे झरे लोकांना कायमच माहीत होते. मणिकरण, राजगीर, बक्रेश्वर, वज्रेश्वरी ही सगळी तीर्थंच. मराठीत तर गावांची नावंच सांगतात, राजापूरजवळचं उन्हाळे, पालीजवळचं उन्हेरे, खेड-दापोलीकडचं उन्हवरे, चोपडा तालुक्यातलं उनपदेव, सगळीकडे तोच ‘ऊन’, म्हणजे ऊन ऊन पाणी मधला ऊन. छापील यादीत मात्र हे झरे एकोणिसाव्या शतकात आले. जर्मन संशोधक श्लागिन्टवाइट यांची 1864 ची यादी 99 झऱ्यांची. त्यानंतरची मोठी यादी टॉमस ओल्डहॅम यांची, ती त्यांच्या मृत्यूनंतर मुलाने, आर. डी. ओल्डहॅम यांनी, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत काढली, साल कुठे 1882 तर कुठे 1883 दिलेलं दिसतं, पहिलं जास्त बरोबर वाटतं. तिच्यात तीनशेच्या आसपास झरे आहेत. पुढच्या सगळ्या याद्या या ना त्या प्रकारे हिच्यावरच उभ्या आहेत.

ऊर्जा म्हणून विचार सुरू झाला तो साठच्या दशकात. सरकारने उष्ण झऱ्यांसाठी एक समिती नेमली, तिचा अहवाल 1968 च्या सुमाराचा. 1973 पासून भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने पद्धतशीर काम हातात घेतलं, नेमका तेलाच्या भाववाढीचा काळ, हा योगायोग नसावा. लडाखमधल्या पुगा खोऱ्यात बोअर पडायला लागले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने हिमाचलातलं पार्वती खोरं, हरियाणातलं सोहना आणि आपला पश्चिम किनारा यांचा अभ्यास झाला. या सगळ्याचं सार 1991 च्या भूऔष्णिक अ‍ॅटलासमध्ये आलं, त्यात 340 च्या आसपास झरे नोंदलेत. 2022 च्या नव्या आवृत्तीत हा आकडा 381 आहे.

याच काळापासून 10,600 मेगावॉट हा आकडाही फिरतोय. देशाची भूऔष्णिक क्षमता म्हणून तो सरकारी उत्तरांत, लेखांत, प्रेझेंटेशनमध्ये सगळीकडे येतो, कधी गोल करून 10 गिगावॉट म्हणतात. तो कसा वाचायचा हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. असे अंदाज काढताना झऱ्याभोवतीच्या खडकाचं क्षेत्रफळ, जाडी, सच्छिद्रता आणि तापमान धरतात, त्यावरून साठलेली उष्णता काढतात, मग त्यातला किती भाग वर येईल याचं एक गुणोत्तर लावतात. यातल्या बहुतेक गोष्टी मोजलेल्या नसतात, गृहीत धरलेल्या असतात, कारण मोजायला खोल भोक लागतं आणि भारतात झऱ्यांच्या जागी पडलेली बहुतेक भोकं काहीशे मीटरच्या पुढे गेलेलीच नाहीत. त्यामुळे हा आकडा खडकातल्या उष्णतेचा ढोबळ अंदाज म्हणून ठीक आहे, उद्या मिळणारी वीज म्हणून नाही. झरे जास्त म्हणजे ऊर्जा जास्त हेही तितकंच चुकीचं, झरा म्हणजे गळती, टाकी केवढी ते गळतीवरून कळत नाही.

आता उष्णता येते कुठून, हा प्रश्न. कोकणाबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं गेलंय आणि गैरसमजही तिथेच सगळ्यात जास्त. पालघर जिल्ह्यातल्या कोकनेरेपासून राजापूरपर्यंत साधारण 350 किलोमीटरच्या पट्ट्यात, सातिवली, अकलोली, गणेशपुरी, उन्हेरे, सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी अशी ही ठिकाणं ओळीने येतात, पाणी 34 पासून 70-71 अंशांपर्यंत. शाळेपासून डोक्यात बसलेलं उत्तर असं की सह्याद्री ज्वालामुखीचा, म्हणून खालचा खडक अजून तापलेला आहे. हे टिकत नाही. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि कवचात वरच्या बाजूला अडकलेला शिलारसाचा साठा काही लाख, फार तर काही दशलक्ष वर्षांत थंड होतो, साडेसहा कोटी वर्षं उष्णता धरून ठेवणं शक्यच नाही. शिवाय 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला जो 617 मीटरचा बोअर घेतला त्यात 338 मीटरवर बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा खडक, संपून जुना खडक लागला आणि उष्माप्रवाह, म्हणजे जमिनीतून वर येणारी उष्णता, दर चौरस मीटरला 43 मिलिवॉटच्या आसपास निघाला, म्हणजे खंडांच्या सरासरीपेक्षाही कमीच. किल्लारी किनाऱ्यापासून लांब आहे हे मान्य, पण लाव्हाची धग अजून शिल्लक आहे असं म्हणणाऱ्याला या आकड्याचं उत्तर द्यावं लागतं.

मग दुसरं मत, जे मला जास्त पटतं, ते असं की पावसाचं पाणी भेगांतून, विशेषतः किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या प्रस्तरभंगांतून, दीड-दोन किलोमीटर खाली जातं, तिथे नेहमीच्याच भूतापाने गरम होतं आणि दुसऱ्या भेगेतून पटकन वर येतं. हिशोब साधा आहे, वर 27 अंश, किलोमीटरमागे 30 अंश धरले तर दीड किलोमीटरवर 72 होतात, म्हणजे उन्हवऱ्याचं पाणी समजून घ्यायला वेगळी भट्टी लागतच नाही. सर्वेक्षणाच्या जुन्या मोजमापांत किनारपट्टीचा उष्माप्रवाह किल्लारीच्या आकड्यापेक्षा बराच चढा दिलाय, पण ती मोजमापं उथळ बोअरमधली, तेही झऱ्यांच्या जवळच्या, आणि वर येणारं गरम पाणी अशा बोअरचं वाचन फुगवतं हे भूतापाचं काम करणाऱ्या कोणालाही माहीत असतं.

खालचं पाणी किती गरम असेल हे बोअर न घेता काढायची युक्ती म्हणजे रासायनिक तापमापक, आणि इथे थोडं थांबायला हवं कारण पश्चिम किनाऱ्यावरचे निम्मे वाद यातून आलेत. पाणी जितकं गरम तितकी सिलिका जास्त विरघळते, वर येताना ती लगेच बाहेर पडत नाही, म्हणून झऱ्यातल्या सिलिकेवरून खालचं तापमान काढता येतं. पण ती सिलिका क्वार्ट्झमधून आली असं धरलं तर एक उत्तर येतं आणि कॅल्सिडोनीतून (क्वार्ट्झचाच अतिबारीक कणांचा प्रकार) धरली तर पंचवीस-तीस अंश कमी. बेसॉल्टच्या पोकळ्यांत कॅल्सिडोनी भरपूर असतो, तेव्हा कमीचं उत्तरच घ्यायला हवं असं वाटतं, पण पाणी बेसॉल्टमध्ये फिरतंय की त्याच्या खालच्या ग्रॅनाइटी खडकात यावरच एकमत नाही. दुसरा तापमापक सोडियम आणि पोटॅशियमच्या प्रमाणाचा. तो चालतो तेव्हाच जेव्हा पाण्याचा खडकातल्या फेल्डस्पार या खनिजाशी नीट समतोल झालेला असतो, आणि कोकणातले बरेच झरे खारट आहेत, त्यात समुद्राचं पाणी मिसळलंय, मग सोडियम खडकातून आला की खाडीतून हे कसं सांगणार. ते पाणी आजच्या समुद्राचं की जुन्या काळी खडकात अडकलेलं यावरही दोन मतं आहेत, ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून मुख्य पाणी पावसाचंच आहे एवढं बऱ्यापैकी ठरलंय. म्हणून कोणी कोकणासाठी दीडशे अंशांचा साठा सांगितला तर आधी तापमापक कोणता वापरला ते विचारावं. या भागावर खूप काम केलेले, पूर्वी आयआयटी मुंबईत असलेले डी. चंद्रशेखरम कोकणाबद्दल आणि एकूणच देशाबद्दल बरेच आशावादी राहिलेत, त्यांचा भर किरणोत्सारी मूलद्रव्यं जास्त असलेल्या ग्रॅनाइटवर, म्हणजे कोरडा गरम खडक फोडून त्यात पाणी खेळवायच्या पद्धतीवर आहे. उष्णता तिथे आहे यात वाद नाही, पण खडक फोडताना भूकंप होतात, स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला 2006 मध्ये आणि दक्षिण कोरियात पोहांगला 2017 मध्ये हे झालंय, आणि कोयना उशाशी असताना पश्चिम महाराष्ट्रात हा प्रयोग फार जपूनच करावा लागेल.

लडाखची गोष्ट वेगळी. पुगा खोरं 4,400 मीटर उंचीवर, सिंधूच्या संधिरेषेला, म्हणजे दोन भूपट्ट जुळले त्या रेषेला, लागून, तिथले झरे 84 अंशांपर्यंत जातात आणि एवढ्या उंचीवर पाणी साधारण तिथेच उकळतं. गंधक आणि टाकणखार तिथे आधीपासून माहीत होते, पाण्यात बोरॉन आणि सीझियम लक्षणीय आहे. सर्वेक्षणाने इथे 34 बोअर घेतले, सगळ्यात खोल 385 मीटर, त्यात 140 अंशांपर्यंत तापमान मिळालं, रासायनिक तापमापकांनी खाली 220 ते 260 अंश असावेत असं सुचवलं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने चुंबकीय-विद्युत पद्धतीने पाहिलं तेव्हा दोनेक किलोमीटरच्या आसपास अतिशय कमी रोधकतेचा, म्हणजे वीज सहज वाहू देणारा, थर दिसला, तो गरम खारं पाणी किंवा अंशतः वितळलेला खडक असू शकतो. काही जण तरुण ग्रॅनाइट थंड होतोय म्हणतात, काही जण दोन भूपट्टांच्या घर्षणाची आणि जाड झालेल्या कवचाची उष्णता म्हणतात. झऱ्यांतल्या हीलियमच्या समस्थानिकांचं प्रमाण प्रावरणातला, म्हणजे कवचाखालच्या थरातला, शिलारस दाखवत नाही, कवचातलंच काहीतरी दाखवतं, तेव्हा कवच वितळून झालेला ग्रॅनाइट हे मत सध्या वजनदार आहे.

पार्वती खोऱ्यातल्या मणिकरणला राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेने 5 किलोवॉटचा छोटा संच चालवून पाहिला होता, त्यात गरम पाण्याने आर-113 हा द्रव उकळून त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरवत. पद्धत बरोबरच होती, कमी तापमानाला आजही जगभर हीच द्विचक्री पद्धत वापरतात, फक्त तो द्रव ओझोनला घातक म्हणून बाद झालाय आणि आता आयसोब्युटेन, पेंटेन वगैरे घेतात. तिथेच साडेसात टनांचं शीतगृहही गरम पाण्यावर चाललं. शंभर-सव्वाशे अंशांच्या पाण्यातून दहा टक्क्यांच्या आसपासच उष्णता विजेत उतरते, त्यामुळे अशा जागी सुकवण आणि शीतगृह जास्त शहाणपणाचं, आणि सफरचंदाच्या मुलखात तर नक्कीच. छत्तीसगडमधल्या तत्तापानीला 110 अंशांच्या थोडं वर पाणी मिळालं, 300 किलोवॉटच्या संचाची योजना बरीच वर्षं कागदावर राहिली.

बाकी ठिकाणं थोडक्यात. झारखंडचं सूरजकुंड 88 अंशांच्या आसपास, द्वीपकल्पात याच्याइतकं गरम क्वचितच. बंगालमधल्या बक्रेश्वरच्या वायूत हीलियम आहे, श्यामादास चॅटर्जी यांनी तो दाखवून दिला आणि पुढे तिथे तो गोळा करायचं कामही झालं. गोदावरी खोऱ्यात मणुगुरूला सिंगरेणी कोलियरीजचा 20 किलोवॉटचा प्रायोगिक संच आहे, तोही कोळशाच्या शोधात घेतलेल्या बोअरमधून येणाऱ्या गरम पाण्यावर. गुजरातेत गांधीनगरच्या ऊर्जा विद्यापीठाचं भूऔष्णिक केंद्र धोलेऱ्याला काम करतंय.

अलीकडची मोठी हालचाल परत पुग्यातच. फेब्रुवारी 2021 मध्ये ओएनजीसी, लडाख प्रशासन आणि लेहची पर्वतीय परिषद यांच्यात करार झाला, पहिल्या टप्प्यात 1 मेगावॉट. 2022 च्या उन्हाळ्यात खोदकाम सुरू झालं, दाबाखालचं गरम पाणी लागलं, पण ऑगस्टमध्ये बोअरमधला द्रव पुगा नाल्यात गेल्याने काम थांबवावं लागलं. हा नाला सिंधूला मिळतो आणि चांगपा लोकांची जनावरं त्याच्यावर जगतात. भूऔष्णिक पाण्यात बोरॉन, आर्सेनिक असतं, म्हणून वापरलेलं पाणी दुसऱ्या बोअरने परत खाली सोडणं ही या धंद्यातली पहिली शिस्त, आणि चराऊ खोऱ्यात तर तिच्यात सूट नाहीच. शिवाय पाइपात कॅल्शियम कार्बोनेटची खपली बसते, ती खरवडायचा खर्च आधीच धरावा लागतो. पुग्याला एक फायदा असा की हवा थंड, त्यामुळे वाफ गोठवायला मैदानापेक्षा सोपं जातं.

अरुणाचलात पश्चिम कामेंगमधल्या दिरांगला इटानगरच्या पृथ्वीविज्ञान आणि हिमालय अभ्यास केंद्राने नॉर्वे आणि आइसलँडच्या तज्ज्ञांबरोबर 2025 मध्ये बोअर घेतला, उद्देश विजेपेक्षा फळं सुकवणं आणि घरं गरम ठेवणं हा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने राष्ट्रीय भूऔष्णिक धोरण जाहीर केलं. त्यात जमिनीतल्या उष्णतेवर इमारती गरम-थंड ठेवणारे हीट पंप आणि सोडून दिलेल्या तेलविहिरी परत वापरणं या दोन्ही गोष्टी आल्यात. तेलविहिरींचा मुद्दा मला सगळ्यात कामाचा वाटतो, कारण गुजरातेत खंबायतच्या खोऱ्यात दोन-तीन किलोमीटरची भोकं तयार आहेत, आणि या विषयात सगळ्यात महाग गोष्ट भोकच असते.