थर्मोस्टॅट काढल्याने ट्रॅक्टर थंड राहत नाही

‘उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाका, इंजिन तापणार नाही’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. सल्ला पटण्यासारखा आहे, कारण बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट खरोखरच इंजिन तापवतो. पण चांगला थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडू लागतो. पूर्ण उघडल्यावर पाण्याला फारशी आडकाठी उरत नाही. उलट काही इंजिनांत तो काढला की बायपासची वाट उघडीच राहते आणि थोडं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं. हलक्या कामात इंजिन गार राहून डिझेल नीट जळत नाही, ते वेगळंच.

शंका असेल तर थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरून पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास झडप उघडली नाही, तर नवा बसवा. उघडली तर रेडिएटरची जाळी बघा, बहुतेकदा भुसा तिथेच अडकलेला असतो.