चावीचा नंबर आणि इमोबिलायझरचा कोड : 'कोड आहे माझ्याकडे' म्हणण्याआधी

"कोड आहे माझ्याकडे, चावी बनवून द्या." हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी आधीच विचारतो, "कुठला कोड?" मग जुडग्याला लटकलेला पत्र्याचा छोटा बिल्ला पुढे येतो. त्यावर असतो चावीचा नंबर. मला हवा असतो इमोबिलायझरचा, म्हणजे अनोळखी चावीनं इंजिन चालू होऊ न देणाऱ्या गाडीतल्या यंत्रणेचा, सिक्युरिटी कोड. लोक दोन्हींना 'कोड'च म्हणतात. ओपेल गाड्यांच्या जुन्या 'कार पास' कार्डावर तर चासी नंबर, चावीचा नंबर, सिक्युरिटी कोड आणि रेडिओचा कोड असे सगळे एकाखाली एक छापलेले असायचे. घोळ होणारच.

चावीच्या नंबराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्यावरून कुठला दाता किती खोल ते कळतं आणि मशीनवर चावीचं पातं कापता येतं. जुनी चावी हातात असेल तर नंबरही लागत नाही. इमोबिलायझर नसलेल्या जुन्या गाडीचं काम एवढ्यावर संपतं. युरोपीय संघात नव्या मोटारींना इमोबिलायझर १९९८ पासून सक्तीचा झाला. त्यानंतरच्या गाड्यांत पात्यानं दार उघडतं, इग्निशन फिरतं, आणि गाडी मात्र ढिम्म.

याचं कारण चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात दडलेली नखाएवढी चिप. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्याचं चुंबकीय क्षेत्र बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या आसपास. चावी फिरवली की चिपला त्यातूनच वीज मिळते आणि ती स्वतःची ओळख सांगते. खात्री करायची असेल तर चांगल्या चावीच्या डोक्याला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल घट्ट गुंडाळा आणि गाडी चालू करून बघा. चावी तीच, दाते तेच, पण डॅशबोर्डवरचा चावीचा दिवा लुकलुकत राहतो. स्टार्टर तरी फिरत नाही, नाहीतर इंजिन क्षणभर धरून बंद पडतं. फॉइल काढा, गाडी चालू.

आता खरी गोम. सिक्युरिटी कोड चावीत 'भरतात' ही समजूत मला सगळ्यात जास्त छळते, आणि 'चावी कोडिंग' हा शब्द तिला खतपाणी घालतो. कोड चावीत जात नाही. गाडीच्या कंप्युटरमध्ये एक यादी असते : कुठल्या चिपांना इंजिन चालू करू द्यायचं. सिक्युरिटी कोड ही ती यादी उघडण्याची परवानगी. प्रोग्रॅमिंग म्हणजे यादी उघडून नव्या चिपची नोंद करणं. एकाच गाडीच्या दोन चाव्यांचे दाते सारखे असले तरी त्यांच्या चिपांची ओळख वेगवेगळी असते. कोड मात्र गाडीचा, आणि एकच.

पटत नसेल तर कोड न विचारणाऱ्या गाड्या बघा. फोर्डच्या पुष्कळ मॉडेलांत दोन चालू चाव्या ठरलेल्या क्रमानं फिरवल्या की तिसरीची नोंद मालकाला घरीच करता येते. दोन नोंदलेल्या चाव्या हातात असणं हीच तिथली परवानगी. जुन्या फियाटमध्ये हे काम लाल डोक्याच्या मास्टर चावीचं होतं. ती हरवली की डोक्याला ताप. फियाटमध्येच एक मजेशीर अपवादही होता : चिप ओळखली गेली नाही तर कार्डावरचा पाच आकडी कोड ॲक्सिलरेटरचा पेडल दाबून देता यायचा आणि गाडी तेवढ्यापुरती चालू व्हायची.

हा फरक कळला की बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात. चावी हरवली म्हणून नवी करून घेतली, तरी बऱ्याच गाड्यांत हरवलेलीचं नाव यादीत तसंच राहतं आणि सापडेल त्याला ती चालते. ते नाव खोडायला सांगावं लागतं. दुसऱ्या गाडीची वापरलेली चावी आणून "हिच्यात आमचा कोड टाका" म्हणणाऱ्यांना मी थेट नाही म्हणतो, कारण पुष्कळ चिपा पहिल्या गाडीशी एकदा जोडल्या की कायमच्या कुलूपबंद होतात. चार आकडी कोड अंदाजानं मारून बघू नका. शक्यता दहा हजार, आणि बऱ्याच गाड्या दर चुकीनंतर जास्त वेळ थांबायला लावतात. कित्येक नव्या गाड्यांत मालकाकडे कोड नसतोच. प्रोग्रॅमिंगचं यंत्र इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडून परवानगी आणतं. तिथं 'कोड सांगा' म्हणून डीलरशी भांडून उपयोग नाही.

रिमोटचं नाव यात मुद्दाम घेतलं नव्हतं. दार उघडणारं बटण ही वेगळी वस्तू, तिची फ्रीक्वेन्सी वेगळी (बहुधा ४३३ किंवा ३१५ मेगाहर्ट्झ), आणि सेल लागतो तो तिलाच. सेल संपला तरी गाडी चालू होते. बटण दाबून चालू होणाऱ्या गाडीत चावी खुणेच्या जागी टेकवावी लागते, इतकंच. रेडिओच्या कोडाचा तर इथं काहीच संबंध नाही.

माझा एकच हट्ट असतो : येताना घरातली प्रत्येक चावी आणा. अनेक गाड्यांत नोंद करताना जुनी यादी पुसली जाते आणि समोर असलेल्या चाव्याच नव्यानं लिहिल्या जातात. एकजण दुसरी चावी कपाटातच ठेवून आला. "ती चालतेय की, तिला कशाला आणू?" म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. कपाटातल्या चावीनं दार उघडत होतं, इग्निशन फिरत होतं आणि डॅशबोर्डवर दिवा लुकलुकत होता.